बाजू दोन: कोरी

इनामदारांच्या टेपयंत्राच्या, फीत वाचणाऱ्या डोक्यावरची, म्हणजे हेडवरची, चीर फितीच्या पूर्ण रुंदीची होती. केसाएवढी बारीक, उभी, वरच्या कडेपासून थेट खालच्या कडेपर्यंत. माझ्या घरच्या टेपरेकॉर्डरची चीर निम्म्यावर थांबायची. मी चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघितलं आणि मनात नोंद केली: पूर्ण रुंदी, म्हणजे खरखर थोडी जास्त येईल. बाकी फरक नाही.

"काय बघताय एवढं?" इनामदार म्हणाले. ते रेडिओ केंद्राचे इंजिनिअर. "डोकं साफ आहे हो. सकाळीच स्पिरिटनं पुसलंय."

"तुमचं यंत्र पूर्ण फीत वाचतं. माझं अर्धीच."

"घरगुती यंत्रं अर्धीच वाचतात. वरच्या अर्ध्यात एक बाजू भरायची आणि फीत उलटी चढवून खालच्या अर्ध्यात दुसरी, म्हणून. दुसऱ्या बाजूला काय आहे?"

मी रिळाची डबी उलटी करून दाखवली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. बाजू एक: फलाट, सहा मिनिटे दहा सेकंद. बाजू दोन: कोरी.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि रीळ चढवलं.

मार्चमधला गुरुवार होता. बाराच्या महिलांच्या कार्यक्रमात माझी मुलाखत होती आणि ती थेट जाणार होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, मिरजेच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर. सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेतला ऑसिलेटर वापरून आणि बाहेरचे आवाज टेप करून मी काही रचना केल्या होत्या. फीत ब्लेडने कापायची, तुकडे नव्या क्रमाने चिकटपट्टीने जोडायचे. याला संगीत म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. माझी आत्या, जिला सगळे अक्का म्हणत, तिचं मत होतं, "भांडी घासताना येतोय की असला आवाज." तात्यांचं मत जरा वेगळं होतं. "वेळेवर सुरू होतं आणि वेळेवर संपतं. मला तेवढं पुरे."

तात्या म्हणजे माझे वडील. मिरजेच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून ते गाड्यांची घोषणा करायचे. बावीस वर्षं. मंडईत त्यांनी मागून "मेथी कशी?" विचारलं तर भाजीवाली न वळता म्हणायची, "तात्या, जतची गाडी गेली का?" प्रत्येक घोषणा ते दोनदा करायचे. लहानपणी मी विचारलं होतं, दोनदा कशाला? "पहिल्यांदा माणूस नुसता दचकतो," ते म्हणाले होते. "ऐकतो दुसऱ्यांदा."

दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसायला लागला. दिवसभर बरा असायचा, संध्याकाळी घासायचा. डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ दाखवली. स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचेल, आवाज जाईल. नाही काढलं तर दोन्ही जाईल, आधी आवाज. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि "सांगतो" म्हणून उठले. परत येताना मी बसमध्ये विचारलं, "तात्या, काय करायचं?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यानंतर मी विचारलं नाही. गळा त्यांचा होता. मी विचारत राहिले तर माझंच उत्तर त्यांच्या तोंडून काढून घेतल्यासारखं होईल, असं मला वाटायचं. अक्काला असलं काही वाटत नसे. ती रोज ताट वाढताना ऑपरेशनचा विषय काढायची आणि मग मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची, "म्हणतोय, ते आता माझ्या हातात न्हाई. देवावर टाकून मोकळा झालाय बघ."

संक्रांतीपर्यंत त्यांची घोषणा बंद झाली. खिडकीतच बसायचे, पण प्रवाशांना चिठ्ठीवर वेळ लिहून द्यायचे. आणि मुलाखतीच्या त्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "येत्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा. त्यानंतर मी सुरी लावणार नाही. उपयोग होणार नाही." मी ते तात्यांना शब्दशः सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी काही बोलले नाही. मग ते वर्तमानपत्र वाचायला लागले.

तर सोमवारला चार दिवस होते.

स्टुडिओत कारखानीस बाई आधीच बसल्या होत्या. महिलांचा कार्यक्रम त्याच करायच्या. पाण्याच्या पेल्यावर झाकण, झाकणावर लवंग. त्यांनी मला लवंग दिली.

"घाबरू नका हं. समोर दोन मैत्रिणी बसल्यात असं समजा. एक पोळ्या लाटतेय, एक तांदूळ निवडतेय. त्यांना समजेल असं बोलायचं."

लाल दिवा लागला.

"मैत्रिणींनो, आज आपल्याकडे आल्या आहेत नयनतारा शेडबाळे. या गात नाहीत, वाजवत नाहीत, तरी संगीत करतात. नयनताई, हे कसं काय बाई?"

"मी आवाज गोळा करते. मोजते आणि कापते."

"कापता? भाजीसारखा?"

"भाजीपेक्षा मोजून. एका सेकंदाला साडेसात इंच फीत पळते. म्हणजे कुकरची चार सेकंदांची शिट्टी तीस इंच भरते. ती मी मोजपट्टीवर ठेवते आणि सुरुवातीचा फुस्स कापून टाकते. मग जे उरतं ते कुकरचं वाटत नाही. बासरीसारखं वाटतं."

"ऐका! आपल्या स्वयंपाकघरात बासरी आहे आणि आपण गॅस बंद करतोय." काचेपलीकडे इनामदार हसले. "आणि परदेशात म्हणे आवाज उलटे वाजवतात. तुम्ही करता का तसं?"

"नाही. माझ्या यंत्रावर उलटं वाजवता येत नाही. या रचनेत एकही आवाज उलटा नाही."

"आज काय ऐकवणार?"

"फलाट. मिरज स्टँडवर टेप केलेले आवाज आहेत. डिझेल इंजिन, दारं, कंडक्टरची डबल बेल, रसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू. मधेमधे ऑसिलेटरचा एक स्थिर स्वर. एकूण एकशे एकोणीस तुकडे."

"आणि माणसं? स्टँडवर माणसं तर असणारच."

"माणसाचा आवाज एकही नाही. शब्द आला की लोक फक्त शब्द ऐकतात. म्हणून घोषणा करणाऱ्यांची जेवायची सुटी बघून मी टेप केलं." ते घोषणा करणारे माझे वडील, हे मी सांगितलं नाही.

इनामदारांनी हात खाली केला. रीळ फिरायला लागलं.

पहिली बारा सेकंदं नुसतं इंजिन होतं. मला ती पाठ होती. बाराव्या सेकंदाला इंजिनच्या मागून कोणीतरी बोललं.

शब्द नव्हते. शब्दांना आत ओढून घेत असल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, शेजारच्या स्टुडिओतला आवाज गळतोय. मी काचेकडे बघितलं. इनामदारांनी भुवया उंचावल्या आणि आपल्या यंत्राकडेच बोट केलं. आवाज फितीवरून येत होता.

दोन-तीन सेकंद बोलायचा, मधेच तुटायचा, दुसरीकडून सुरू व्हायचा. तुटण्याच्या जागा माझ्या ओळखीच्या होत्या. इंजिन संपून दार लागतं तिथे तुटला. दार संपून बेल लागते तिथे तुटला. ते माझे काप होते. मी घातलेले, मोजपट्टीवर, नव्या ब्लेडने.

पुरुषाचा आवाज. भरलेला, सावकाश. जे काही म्हणत होता ते दोनदा म्हणत होता. एक आकार यायचा, जरा थांबून पुन्हा तोच आकार यायचा. सगळं दोनदा म्हणणारा जगात एकच माणूस मला माहीत होता. पण त्याचा आवाज असा राहिला नव्हता. तीन महिन्यांपासून हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

माझा हात टेबलावर होता. कारखानीस बाईंनी त्यावर आपला हात ठेवला. त्यांना वाटलं मी भारावले आहे. आणि तेवढ्यात, घुंगरांच्या खालून, त्या सगळ्या उलट्या बोलण्यातून एक शब्द सरळ आला.

"नयन."

न, य, न. कुठल्याही बाजूने वाजवा, तोच राहतो. माझ्या नावाचं हे कधी लक्षात आलं नव्हतं. तो एकदाच आला. पुन्हा नाही आला.

रचना संपली. लाल दिवा पुन्हा लागला.

"वा! काटा आला हो अंगावर. आणि नयनताई, मागे ते रशियन भाषेत कोण बोलत होतं?"

थेट कार्यक्रमात गप्प बसायचं नसतं हे मला सांगितलेलं होतं. कारखानीस बाईंनी डोळे मोठे करून मान पुढे केली.

"ते रशियन नाही," मी म्हणाले. "मराठी आहे. उलटी."

"पण तुम्ही तर आत्ताच म्हणालात, एकही आवाज—"

"चूक म्हणाले. फितीच्या दुसऱ्या बाजूला माझ्या वडिलांचा आवाज आहे. मला माहीत नव्हतं. ती बाजू मी कधी तपासली नाही. न ऐकता तिच्यावर कोरी असं लिहिलं आणि कापली."

"अगंबाई," कारखानीस बाई म्हणाल्या. ते थेट घराघरांत गेलं. "काय म्हणतायत ते?"

"माहीत नाही."

"आत्ता ऐकत असतील ना ते?"

"हो. स्टँडच्या कँटीनमध्ये."

कारखानीस बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि माइककडे वळून, जराही न अडखळता, मैत्रिणींना एक भावगीत ऐकायला सांगितलं. दिवा विझला. "जा," त्या म्हणाल्या. "जा आत. इनामदारांकडे जा."

इनामदारांनी रीळ मागे गुंडाळलंच नव्हतं. "असंच उलटं चढवलं की दुसरी बाजू सरळ ऐकू येईल. तुमचे काप मात्र राहतील. लावू?"

"लावा."

त्यांनी दोन्ही रिळं उतरवली, जागा बदलून चढवली. मी पर्समधून माझी वही काढली. प्रत्येक तुकडा मूळ फितीत कुठे होता ते त्यात इंचांमध्ये लिहिलेलं असायचं. आता इंजिनं उलटी वाजत होती, दारं आपटायच्या आधी उघडत होती आणि त्यांच्यामधून तात्या बोलत होते.

"...हून सुटून जतकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक..."

"...वाजून दहा मिनिटांनी. कवठेमहांकाळमार्गे..."

"...सामान सांभाळावे. प्रवाशांनी आपापले सामान..."

किती वेळ गाड्याच गाड्या. काही तुकडे ऑसिलेटरचे होते, त्यांच्या मागे खरंच कोरं होतं. मग आवाजाचा सूर बदलला. खिडकीतला नव्हता, घरातला होता. मी प्रत्येक तुकड्याचा क्रमांक लिहीत गेले. सगळं संपल्यावर वहीतल्या इंचांप्रमाणे ते ओळीत लावले आणि इनामदारांनी दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे उतरवले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पन्नास वर्षं होत आली. शाई तपकिरी झाली आहे.

नयन, हे मी एकदाच
नसलेला बाप तुला
डॉक्टरांकडून तारीख घे. नाही तर

"नाही तर काय?" इनामदार म्हणाले.

मी वहीत बघितलं. त्याच्या पुढचे चाळीस इंच रचनेत घेतले नव्हते. माझीच नोंद होती: दार आपटणे, दुसऱ्यांदा. नको. डब्यात.

"डब्यात म्हणजे?"

"घरी. बिस्किटांच्या डब्यात. नको असलेले तुकडे मी फेकत नाही."

"मग आहे की, मिळेल," इनामदार म्हणाले. त्यांनी रीळ डबीत घालून दिलं. डबी देताना 'कोरी' शब्दावर त्यांचा अंगठा होता.

बस पाऊण तासाने मिरजेला पोचली. फलाट तीनवर उतरले. घोषणा नव्या माणसाची होती, एकदाच केलेली. चौकशीच्या खिडकीत तात्या नव्हते. त्यांच्या खुर्चीत कदम कंडक्टर बसून वेळापत्रक चाळत होते.

"तात्या? कार्यक्रम संपला तसे उठले. चहा ओतलेला तसाच टाकून गेले," कदम म्हणाले. "पण ताई, डबल बेल काय वाजलीया हो माझी! आम्ही रोज मारतोय, कोण वा म्हणत न्हाई." मग माझं तोंड बघून त्यांनी वेळापत्रक खाली ठेवलं. "घरीच गेल्यात. चालत."

घरी माझ्या टेबलावर बिस्किटांचा डबा उघडा होता. रिकामा होता.

अक्का चुलीपाशी होती.

"अक्का, डब्यातल्या फिती कुठायत?"

"त्या व्हय? वर बांधल्यात."

"कुठे वर?"

"गच्चीत. चिमण्या कुरडयांवर तुटून पडत्यात नुसत्या. दोरीला बांधल्या तशा वाऱ्यावर चमकायला लागल्या, एक चिमणी फिरकंना. तूच म्हणालीस की नको असलेल्या हायत म्हणून."

"कधी बांधल्या?"

"झालं की आठ दिवस. काय झालंय तुम्हा दोघांना? तो पण आला, न बोलता डबा उघडला, मला खुणेनं इचारलं, आन वर गेला. ताट वाढून ठेवलंय, जेवला बी न्हाई."

मी जिना चढले.

गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्यावर दोरी आणि दोरीला माझ्या फिती, हात-हात लांबीच्या, वळून पीळ बसलेल्या. तात्या दोरीच्या टोकाला उभे राहून गाठी सोडवत होते. सोडवलेली फीत दोन बोटांवर गुंडाळायचे, दुसरीची गाठ शोधायचे. त्यांच्या बोटांना तपकिरी पूड लागली होती. फितीवर आवाज असतो तो त्या पुडीत असतो. उन्हाने ती सुटली होती आणि त्यांच्या बोटांवर, साडीवर, कुरडयांवर पडली होती.

"जुळवता येईल?" त्यांनी विचारलं. आवाज म्हणजे कागदावर कागद घासावा तसा.

"पूड आहे तेवढं येईल. गेली ते नाही."

"किती ऐकलंस?"

मी कागद दिला. त्यांनी तो हात लांब करून वाचला. मग कागदाच्या मागे बघितलं, तिकडे कार्यक्रमाची वेळ छापलेली होती. पुन्हा पुढे बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि आधी?"

"आधी काय?"

"आधी किती ऐकलं होतंस? डिसेंबरात?"

"काहीच नाही, तात्या. आज पहिल्यांदा ऐकलं."

ते कठड्यावर बसले. पडल्यासारखे बसले. मी पुढे झाले तर हाताने थांब म्हणाले.

"तू परीक्षा घ्यायला जतला गेलेलीस दोन दिवस," ते म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं. "तेव्हा बोललो. लाल बटण दाबायचं, तूच शिकवलेलं. डबीवर तुझ्या अक्षरात होतं, बाजू दोन कोरी. म्हटलं, इथं बोललं तर पोरीचं काही पुसणार नाही. डबी टेबलावर वरच ठेवली. तू आलीस, दुसऱ्या दिवशी तीच घेतलीस. दार लावून बसलीस. मला वाटलं, ऐकतेय."

"मी एक नंबरची बाजूच ऐकते. दुसरी मी कधीच भरत नाही. कापते ना. म्हणून सगळ्या डब्यांवर तसंच लिहिते."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ते हसल्यासारखे झाले. हसू निघालं नाही, हवा निघाली.

"गाड्या कशाला म्हटल्यात एवढ्या?"

"स्टँडवर लावायला. माझं काही होवो, गाड्या सुटायच्या थांबतात होय? रोजच्या सगळ्या म्हटल्या. मग शेवटी तुझं."

"नाही तर," मी म्हणाले. "डॉक्टरांकडून तारीख घे, नाही तर. त्याच्या पुढे काय?"

त्यांनी बोटांवरची फीत सोडली, पुन्हा गुंडाळली.

"असं म्हटलं होतं," ते म्हणाले. "नयन, हे मी एकदाच विचारतोय. आवाज नसलेला बाप तुला चालेल का? चालत असेल तर डॉक्टरांकडून तारीख घे. नाही तर काही बोलू नकोस. मला कळेल."

खाली रस्त्यावरून सायकलची घंटी गेली. मी ऐकली. तिची लांबीही मला कळली, सात इंच. डोकं आपलं काम करत राहतं. त्याने पुढचाही हिशेब केला, मी सांगितलेला नसताना: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून त्या गुरुवारपर्यंत सत्त्याण्णव दिवस. सत्त्याण्णव दिवस मी काही बोलले नव्हते. डॉक्टरांचा निरोप सांगितल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले होते, तेव्हाही नाही.

"तुम्ही परत का नाही विचारलंत?" माझा आवाज मला ओळखू आला नाही. "जतची गाडी दोनदा सांगता तुम्ही. प्रवाशांनी सामान सांभाळावे दोनदा सांगता. हे एकदाच?"

"हे दोनदा विचारायचं नसतं. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो."

"भिडेखातर? मी?"

"तुझं लग्न व्हायचंय. गळ्याला भोक पाडून घरात बसणार मी. पाहुणे आले की शिट्टी वाजणार. आणि तू," ते थांबले, श्वास घेतला, "तुझं सगळं कानावर चालतं. म्हटलं, तिला नसेल चालत तर नसेल. सांगायला जड जाईल पोरीला. म्हणून तशी सोय ठेवली."

"मी तुमची वाट बघत होते, तात्या. तुम्ही सांगतो म्हणाला होतात."

"सांगितलं की." त्यांनी दोरीकडे हात केला. वाऱ्याने राहिलेल्या फिती एकदम चमकल्या. "हे काय, बुजगावणं करून ठेवलंय."

जिन्यात अक्काची पावलं वाजली. ती वर आली, पदराने हात पुसत, आणि दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली.

"जेवणार हायसा का न्हाई कोण?" तिचं लक्ष सोडवलेल्या गाठींकडे गेलं. "अगं, झालंय काय?"

मी तात्यांसमोर उभी होते. त्यांचा गळा मला अगदी जवळून दिसत होता. डाव्या बाजूची गाठ आता बाहेरून दिसत होती. डिसेंबरात दिसत नव्हती.

"चालेल," मी म्हणाले.

ते फारच हळू आलं. अक्का म्हणाली, "काय म्हणाली रं ती?" तात्यांनी कानामागे हात धरला.

"चालेल, तात्या," मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी वळून बघितलं. "आवाज नसलेला बाप मला चालेल. मी आत्ता दवाखान्यात तारीख घ्यायला निघालेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली, फीत गुंडाळलेली, तपकिरी झालेली.

मी दुसऱ्यांदा म्हणाले.

"चालेल."